सरदारांचा फेटा

देव माणसाला तारतो, अशी आपली समजूत. पण माझ्या वडिलांचा जीव त्यांच्या देवामुळंच जायची वेळ आली होती, आणि त्या दिवसांत मी देवावर जितकी चिडले तितकी पुढं कुणावरच चिडले नाही, नवऱ्यावरसुद्धा नाही.

आम्ही लिंगायत. माहेर दुबलगुंडीचं, हुमनाबाद तालुक्यातलं. तेव्हा तिकडं निजामाचं राज्य होतं. आमचा देव देवळात बसत नाही, गळ्यात असतो. सुपारीएवढं इष्टलिंग वस्त्रात बांधून दोऱ्यानं छातीवर ठेवायचं. सकाळी अंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, बेलाचं पान वाहायचं, घटकाभर त्याच्याकडं टक लावून बघायचं आणि मगच तोंडात पाणी घालायचं. लहानपणी बांधलेलं ते लिंग माणसाबरोबरच मातीत जातं. मधे एकदाही अंगावेगळं करायचं नाही. हरवलं किंवा गळून पडलं तर अन्नपाणी बंद. जुन्या काळी तर अशी माणसं जीवच सोडत, असं सांगतात. नाभीखाली ते जाऊ द्यायचं नाही. आणि दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाही, त्यातही भव्यानं तर नाहीच. भवी म्हणजे ज्याच्या गळ्यात लिंग नाही तो. म्हणजे उरलेलं सगळं जग.

माझे वडील, अप्पा, या सगळ्यात फार कडक. तुरीचा व्यापार होता, थोडी शेती होती, पण त्यांचा जीव रमायचा तो संध्याकाळी घराच्या ओट्यावर. मराठी, कानडी, दखनी, जो येईल त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलत आणि सगळ्या धर्मांची तुलना करत. 'बघ,' ते सांगत, 'वैष्णवाचा देव देवळात ऱ्हातो, त्येला भेटाय जावं लागतंय. मुसलमानाचा देव कुणाला दिसत न्हाई, निस्ता ऐकतो. खिरिस्तावाचा देव माणूस होऊन आला, मेला आन् पुन्हा उठला. शिखानं देव पोथीत ठिवला. जैनानं देव मानलाच न्हाई, आपणच तप करून वर चढायचं म्हणला. आन् आमचा? आमचा तळहातावर. आता तूच सांग, जवळचा कुणाचा?' गावातल्या मशिदीचे पेशइमाम कधी कधी तिथंच बसलेले असत. ते हसून म्हणत, 'अप्पासाब, तराजू बी तुमारा, तोलनेवाले बी तुमीच.' अप्पांना त्याचा राग येत नसे. तराजू आपला आहे यात वावगं काय, तेच त्यांना कळत नसे.

मी थोरली म्हणून घरात सगळे मला अक्का म्हणत, अप्पासुद्धा. पाठीवर भाऊ झाला तो जगला नाही, आई लवकर गेली. तेव्हा अप्पांचं दुखणंखुपणं माझ्याकडंच. त्या वर्षी हरभरा घाट्यावर आला होता आणि अप्पांच्या मानेवर मागच्या बाजूला एक पुळी आली. सुरुवातीला त्यांनी चुना लावला, मग कांदा भाजून बांधला. मी सासरहून गेले तेव्हा ती पुळी राहिली नव्हती, तळहाताएवढं लालजांभळं गळू झालं होतं आणि त्याला चाळणीसारखी तोंडं पडली होती. काळपुळी. नेमकी तिथं, जिथून लिंगाचा दोरा जातो. दोरा पुवानं भिजून मानेत रुतला होता. 'अप्पा, हा दोरा तरी खाली घ्या,' मी म्हटलं. तापानं डोळे लाल झालेले, तरी ते माझ्यावर ओरडले, 'खाली कुठं घिऊ? तुझ्या डोस्क्यावर?' त्यांना माझ्या यजमानांनी आणि मी गाडीत घालून हुमनाबादला आणलं आणि तिथून सर्व्हिस मोटारनं बिदरला, मिशनच्या दवाखान्यात.

तिथल्या डॉक्टरीणबाई गोऱ्या, उंच, वयस्कर. कानडी आणि दखनी मिसळून बोलायच्या, पण रोखठोक. जखम बघून त्यांनी मला बाहेर नेलं आणि सांगितलं की एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत चिरून सगळी घाण काढावी लागेल. उद्या सकाळच्या पुढं थांबलं तर विष रक्तात उतरेल आणि मग आपल्या हातात काही नाही. रोग्याला क्लोरोफॉर्म देऊन पालथं निजवायचं. मानेवर धागा चालणार नाही, छातीखाली कसली गाठ चालणार नाही. हात दोन माणसं धरून ठेवणार, म्हणजे हातातही काही नको.

अप्पांना हे सांगितलं तर ते म्हणाले, 'मग ऱ्हाऊ दे.'

'काय ऱ्हाऊ दे?'

'मी. मी ऱ्हातो असाच. लिंग घिऊन मरतो. लिंगाबिगर जगून काय करू, अक्का? दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेला बसल्यावर त्येला काय सांगू, तुला काढून ठिवलं हुतं, जिवाला भ्यालो म्हणून?'

मला राग आला तो त्यांचा नाही. मला त्या काळ्या गुळगुळीत लिंगाचा राग आला. माझ्याही गळ्यात तेच होतं. लहानपणापासून रोज सकाळी त्याच्याकडं बघत आले होते, आणि आता मला वाटायला लागलं की आम्ही इतकं बघतो, पण ते आमच्याकडं बघतं का? बघत असेल तर एका म्हाताऱ्या भक्ताला असं कोंडीत पकडायचं त्याला काय नडलं होतं? यजमान म्हणाले, 'मी गावाकडं जातो. मठातल्या अय्यांना विचारून येतो. गुरूनं सांगितलं तर तुझा बाप ऐकंल.' ते दुपारच्या मोटारीनं गेले. पण जायला-यायला जो वेळ लागणार होता तो बघता सकाळपर्यंत ते परत येणं शक्यच नव्हतं. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. तरी ते गेले. नुसतं बसून हात चोळण्यापेक्षा माणसाला चालतं राहणं बरं वाटतं.

त्या वॉर्डात भिंतीकडच्या खाटेवर एक मुसलमान गृहस्थ होते, पोटात पाणी झालेले. त्यांची बायको त्यांच्या पायाशी बसून असायची. सगळे तिला खालाबी म्हणत. रमजानचा महिना होता, तिचे रोजे चालू होते. आणि अप्पांनी आदल्या दिवसापासून पाणी घेतलं नव्हतं, कारण तापात अंघोळ नाही, आणि अंघोळीशिवाय लिंगपूजा नाही. खालाबीनं मला विचारलं, 'अम्मा, तुमारे बाबा का बी रोजा है क्या?' मी म्हटलं, तसंच समजा. अप्पांनी ते ऐकलं. तशाही स्थितीत त्यांच्यातला ओट्यावरचा माणूस जागा झाला. हळूच मला म्हणाले, 'तिचा उपास सूर्याकडं बघून सुटतो, आपला लिंगाकडं बघून. दोघांना बी कशाकडं तरी बघितल्याबिगर घास न्हाई.' मी म्हटलं, 'आता तरी तराजू बाजूला ठेवा.' ते क्षीणपणे हसले. मग मी पदराचा आडोसा करून ओल्या फडक्यानं त्यांचं अंग पुसलं, तेच अंघोळ म्हणून त्यांना पटवलं, आणि त्यांनी निजल्या निजल्या लिंग तळहातावर घेतलं. पूजा केली, पाणी प्याले. त्यांचा हात इतका कापत होता की लिंग घरंगळेल म्हणून मीच श्वास धरून बसले होते. धरायला जाण्याची सोय नव्हती.

सकाळ झाली. डॉक्टरीणबाई आल्या, अप्पांना विचारलं, त्यांनी मान हलवता येत नव्हती म्हणून डोळ्यांनीच नाही म्हटलं. बाई मला म्हणाल्या, 'मी जबरदस्ती करणार नाही. दहाचा टोला पडेपर्यंत टेबल तयार ठेवते.' आणि निघून गेल्या. मी व्हरांड्यात जाऊन पायरीवर बसले. रडले नाही, रडायचं त्राण नव्हतं.

शेजारच्या बाकावर एक शीख गृहस्थ बसले होते. बिदरमध्ये शिखांची जुनी घरं आहेत, झऱ्यापाशी त्यांचं गुरुद्वार आहे. ही माणसं आपल्यासारखीच दखनी बोलतात. हे सरदार आमच्याच वॉर्डात होते. आडदांड, पांढरी दाढी, घोड्यावरून पडून पाय मोडलेला आणि डोक्याला खोक पडलेली. त्यांची सुट्टी त्याच सकाळी झाली होती. गाठोडं बांधून ते टांग्याची वाट बघत होते आणि टांगा काही येत नव्हता. टांगेवाल्याला शिव्या घालून झाल्यावर त्यांचं माझ्याकडं लक्ष गेलं. 'बेटी, बाबा मानते नहीं ना?' त्यांनी विचारलं. आदल्या दिवसापासून सगळा वॉर्ड आमचं ऐकतच होता. 'मेरे कू बी बोले थे, जखम सीना है, बाल उतारो करके. मैं बोला, पैले सर उतारो.' मग दाढी कुरवाळत म्हणाले, 'गले में नक्को, छाती पे नक्को, हात में नक्को. कमर के नीचे तुम लोगां रखते नहीं. तो सर पे नहीं बांध सकते क्या?'

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. आमच्या गावच्या मठातले थोरले अय्या, मी लहान असताना गेले ते, लिंग डोक्यावर बांधत आणि वरून भगवा रुमाल गुंडाळत. मी कितीदा त्यांच्या पाया पडले असेन. मस्तकावर लिंग धारण करायला शास्त्राची हरकत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. मला ते सुचलं नाही आणि अप्पांनाही नाही. दोरा गळ्यात, म्हणजे लिंग गळ्यातच, अशी आमची दोघांची बुद्धी त्या दोऱ्याला बांधली गेली होती. आणि सुचलं कुणाला, तर ज्याला अप्पा भवी म्हणत त्याला.

मी धावत अप्पांकडं गेले. त्यांनी ऐकून घेतलं, टाळूकडं हात नेला आणि म्हणाले, 'टाळूवर... व्हय, चालतंय.' पण लगेच त्यांना दुसरी शंका आली. पालथं निजवल्यावर रुमाल राहील का डोक्यावर? त्यात तथ्य होतं. आमचा रुमाल म्हणजे डोक्यावर ठेवलेली चुंबळ, मान वाकवली की खाली. शिवाय तो मागं मानेवर उतरतो. सरदार तोवर काठी टेकत माझ्यामागून आले होते. 'बाबा,' ते म्हणाले, 'हमारी पगडी घोडा दौडा तो बी नहीं गिरती. मैं बांधता.' आणि त्यांनी आपल्या गाठोड्यातून धुतलेला पांढरा फेटा काढला.

डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी सांगितलं, फेटा आधी उकळायचा, आणि कानाच्या खाली एक बोटसुद्धा यायचा नाही. मग मिशनच्या तांब्याच्या डेगीत शिखांचा फेटा उकळला, एका किरिस्ताव नर्सबाईनं तो शेगडीवर धरून वाळवला, आणि खालाबीनं मधल्या वेळात आपल्या नवऱ्याच्या खाटेचा पडदा काढून अप्पांच्या खाटेला लावला, कारण पूजेच्या वेळी अप्पांना आडोसा लागतो हे तिनं आदल्या दिवशी बघून ठेवलं होतं. कुणी कुणाला काही समजावून सांगितलं नाही. जो तो आपापलं काम करत होता.

अप्पांनी लिंग मुठीत धरून मानेत रुतलेला दोरा कापून घेतला, मग ते आपल्या हातानं वस्त्रात गुंडाळून टाळूवर ठेवलं आणि वरून बोट धरून ठेवलं. सरदारांनी त्या बोटाभोवतीनं पहिला वेढा घेतला. लिंगाला स्पर्श होऊ नये म्हणून ते इतक्या अदबीनं हात फिरवत होते की जन्मभर फेटे बांधणाऱ्या त्या माणसालाही बराच वेळ लागला. वेढा बसल्यावर ते म्हणाले, 'अब उंगली निकालो बाबा.' अप्पांनी बोट काढलं. काही हललं नाही. मग त्यांनी कापलेला दोरा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, 'अक्का, चल सांग त्येंना.'

आत नेताना डॉक्टरीणबाई दाराशी थांबल्या, डोळे मिटून त्यांच्या देवाची प्रार्थना केली. कापण्याआधी त्या नेहमीच करत म्हणे. दार बंद झालं. तेवढ्यात सरदारांचा टांगा आला. टांगेवाला हाका मारत राहिला, पण सरदार बाकावरून उठले नाहीत. ओठ हलवत त्यांचा पाठ चालला होता. खालाबी वॉर्डाच्या दारात तसबीह, म्हणजे त्यांची जपमाळ, ओढत बसली होती. मीही माझं लिंग तळहातावर घेतलं. रोजचे शब्द आठवून बघितले, एकही जमेना. कालपासूनचा राग होता, भीती होती, आणि आता हे सगळं बघून जीव इतका भरून आला होता की कुणाला काय म्हणावं तेच कळत नव्हतं. शेवटी मी त्याला म्हटलं, मला काही समजत नाही. तुझं तू बघ. तू हा असशील, तो असशील, तिघं-चौघं मिळून असशील, तुमचं तुम्ही बघा. म्हटलं आणि हात सैल सोडून बसले. इतका वेळ मी वडिलांना धरून ठेवलं होतं, ते ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं वाटलं. कुणी, ते मी तेव्हाही विचारलं नाही.

अप्पा वाचले. शुद्धीवर येताना त्यांचा हात आधी डोक्याकडं गेला. फेटा जागचा हललेला नव्हता. मी व्हरांड्यात सांगायला आले तेव्हा सरदारांनी वर बघून हात जोडले, काठी घेतली आणि टांग्यात बसून गेले. नाव विचारायचं मला सुचलंच नाही. फेटा रक्तानं भरला होता, तो डॉक्टरीणबाईंनी जाळायला लावला, याचं अप्पांना फार वाईट वाटलं; परत करता आला नाही म्हणून ते कितीतरी दिवस हळहळत होते. खालाबीचा नवरा त्याच आठवड्यात गेला. अप्पा जगले आणि तो गेला, याचा अर्थ कुणाचं ऐकलं आणि कुणाचं नाही असा लावायला मी धजत नाही. खालाबी दवाखान्यातून निघाली तेव्हा मला पोटाशी धरून रडली, एवढं सांगते.

यजमान अप्पांना कापलं त्याच दिवशी दुपारी परत आले. धुळीनं माखलेले. आल्या आल्या घाईनं म्हणाले, 'अय्यांनी सांगितलंय, मस्तकावर बांधा. काई दोष न्हाई.' मी त्यांना अप्पांकडं बोट दाखवलं. अय्यांनी ते कधी सांगितलं असं विचारलं तर, सकाळी पूजेतून उठल्यावर, असं ते म्हणाले. त्याच सुमाराला इकडं सरदार व्हरांड्यात टांग्याची वाट बघत होते. मी यावर जास्त बोलत नाही. झालं ते सांगितलं.

अप्पा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. त्यांनी आपले नियम सोडले नाहीत, परक्याच्या हातचं पाणी ते शेवटपर्यंत प्याले नाहीत. पण ओट्यावरची तुलना हळूहळू बंद पडली. लोकांनी विषय काढला की तुरीचा भाव विचारत.

मग संस्थानात वाईट दिवस आले. आधी हिंदूंनी सोसलं, मग मुसलमानांनी. जन्मभर एका विहिरीचं पाणी पिणारे एकमेकांच्या दारावरून मान खाली घालून जायला लागले. मी तेव्हा माहेरी आले होते. एका संध्याकाळी ओट्यावर दहा-बारा माणसं जमली, सगळी आपलीच, तरणी, डोक्यात राख घातलेली. पेशइमामांचं घर तिथून दिसत होतं, आत दिवा नव्हता. त्यांतला एक म्हणाला, 'अप्पा, तुमी येवढं धर्माचं सांगायचे, आता कामून गप हाव? सांगा की कुणाचा धर्म माणसाचा आन् कुणाचा जनावराचा. तुमी सांगाल तसं करताव.'

मानेवरच्या वणावरून अप्पांनी हात फिरवला.

'मला त्यातलं काई ठावं न्हाई रं,' ते म्हणाले. 'येकच ठावं हाय. त्या सरदारानं माझ्या डोस्क्याला फेटा बांधला ना, तवा त्येचे हात थरथरायलते. घोड्यावर जलम काढलेला गडी त्यो. पर माझं लिंग पडंल म्हणून भ्यायलता. त्यो देव त्येचा न्हवता.'

मग त्यांनी त्या पोरांकडं एकेक करून बघितलं. 'दुसऱ्याच्या देवासाठी तुमच्यातल्या कुणाचे हात थरथरलेत का कधी? माझे तर न्हाईत थरथरले. मी कुणाला काय सांगू?'

हळूहळू एकेक जण उठला आणि आपापल्या घरी गेला. अप्पा कंदील घेऊन खाली उतरले आणि पेशइमामांच्या दाराशी जाऊन बसले. पहाटेपर्यंत तिथंच होते.

आता अप्पाही नाहीत. मी रोज सकाळी पूजेला बसते. मागायचं असं काही उरलेलं नाही. ज्यांचं नाव विचारायचं राहून गेलं त्या सरदारांच्या नावानं बेलाचं एक पान जास्त वाहते. ते त्यांना पोचतं का, आणि कुणाच्या देवाच्या हातून पोचतं, हे मी त्याच्यावर सोडून दिलं आहे.